वाचाघात झाल्यावर घरी काय करायचं? वाचकांचे प्रश्न

अर्धांगवायूनंतरच्या बोलण्याच्या अडचणींबद्दल सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत, पत्रं थोडक्यात दिली आहेत. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की उजवा हात-पाय लुळा पडतो आणि बऱ्याचदा भाषाही अडते. पक्षाघाताच्या साधारण तीन रुग्णांमागे एकाला हे होतं. यालाच वाचाघात म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर 'अफेझिया' असं लिहिलेलं असतं.

वडील ६४ वर्षांचे, सूतगिरणीतून निवृत्त. सात आठवड्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. आता काहीही विचारलं तरी 'तेच ते' एवढंच म्हणतात. पण परवा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा व्हिडिओ लावला तर 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' खणखणीत म्हणाले! एक ते दहा आकडेही येतात. मग साधं पाणी का मागता येत नाही? आम्ही सगळे दिवसभर वस्तू दाखवून 'हे काय?' विचारतो, तर चिडून हात झटकतात. (मुलगा, जुळे सोलापूर)

ते मुद्दाम करत नाहीत, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. जयघोष, आकडे, वार, हरिपाठ, अगदी शिव्यासुद्धा तोंडात बसलेल्या असतात. एक शब्द निघाला की पुढचा आपोआप येतो, निवडावा लागत नाही. पाणी मागताना मात्र हजारो शब्दांतून नेमका एक उचलावा लागतो आणि त्याचे ध्वनी क्रमानं लावावे लागतात. अडतं ते तिथं. एकच शब्द सगळीकडे येणं हेही या आजारात जुनंच आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये डॉक्टर पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचं वर्णन केलं, तो कुठल्याही प्रश्नाला 'तान' एवढंच उत्तर द्यायचा.

'हे काय?' हा प्रश्न आजपासून बंद करा. घरोघरी हाच प्रकार चालतो आणि त्यानं नुकसान होतं. प्रत्येक वेळी चुकीचा शब्द तोंडून गेला की सराव त्या चुकीचाच होतो. शिवाय दिवसातून पन्नास वेळा नापास व्हायला कुणाला आवडेल?

त्याऐवजी दहा शब्द निवडा, तेही त्यांच्या गरजेचे: पाणी, चहा, संडास, दुखतंय, नको, चष्मा, भाकरी, टीव्ही, तुमच्या आईला ते ज्या नावानं हाक मारतात ते, आणि एका नातवाचं नाव. बालवाडीचा तक्ता आणू नका. शहामृग म्हणता आलं तरी ते मागणार कुणाकडे? वस्तूंचे फोटो घरातलेच काढा, त्यांचाच तांब्या, त्यांचाच चष्मा. चार बाय सहा इंचाची प्रत काढून खाली ठळक अक्षरात शब्द लिहा. कार्ड त्यांच्या डाव्या हाताला धरा, कारण अशा रुग्णांना बरेचदा उजवीकडचं दिसत नाही. ताटातल्या उजव्या बाजूचं जेवण तसंच राहत असेल तर ही शंका नक्की घ्या आणि डॉक्टरांना सांगा.

आता सरावाची पद्धत. कार्ड दाखवून शब्द तुम्हीच दोनदा म्हणा: 'पाणी. पाणी.' त्यांनी फक्त ऐकायचं आणि तुमच्या ओठांकडे बघायचं. मग दोघांनी एकत्र म्हणा. नंतर तुम्ही वाक्य अर्धवट सोडा: 'तहान लागली, प्यायला दे…' आणि थांबा. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. आलं नाही तर पहिलं अक्षर द्या, पण नुसतं 'प' नको. ओठ दाखवत 'पा…' असं मात्रेसकट द्या. तरीही अडलं तर पूर्ण शब्द सांगा आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्या. 'आठवा, आठवा, काल तर म्हणाला होतात' हे नको. शब्द आला की लगेच तीन-चार वेळा वापरून घ्या: 'थंड पाणी', 'पाणी दे', 'पाणी नको'. शब्द सहज येऊ लागले की मदत हळूहळू कमी करत न्या.

एका बैठकीला पंधरा ते वीस मिनिटं पुरेत, दिवसातून दोनदा. फिजिओथेरपी झाल्या झाल्या बसवू नका. दमलेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत. टीव्ही, मिक्सर बंद. समोर एकच माणूस.

हमखास येणारी अडचण म्हणजे अडकलेला शब्द. 'पाणी' नीट म्हणतात, आणि पुढे चष्मा दाखवला तरी 'पाणी'च म्हणतात. आधीचा शब्द मेंदूत अजून जागा असतो. तेव्हा 'नाही, नाही, चूक' असं म्हणत राहिलात तर तो आणखी घट्ट बसतो. हातानं थांबण्याची खूण करा, कार्ड पालथं घाला, पंधरा-वीस सेकंद गप्प बसा, मग वेगळ्याच अक्षराचं कार्ड घ्या. चहा आणि चष्मा लागोपाठ ठेवू नका. दहापैकी आठ शब्द सलग तीन दिवस मदतीशिवाय आले की दोन नवे शब्द घाला आणि जुने अधूनमधून फिरवत राहा. आणि हो, 'शब्द म्हटल्याशिवाय पाणी मिळणार नाही' असा हट्ट कुणी धरत असेल तर त्याला आवरा. खुणेनं मागितलं तरी द्यायचं. देताना शब्द तुम्ही म्हणायचा.

थोडेफार शब्द येऊ लागले की पुढची पायरी म्हणजे शब्दाच्या आजूबाजूला फिरणं. शेंगाचटणीचं उदाहरण घ्या. वाटीत चटणी ठेवा, वास घेऊ द्या. कशाची करतात? कशात कुटतात? चव कशी? कशाबरोबर खातात? आणताना काय सांगता, पाव किलो की अर्धा? प्रत्येकाचं उत्तर शब्दात यायला हवं असं नाही. कुटल्याची खूण केली तरी चालेल, उरलेलं तुम्ही सांगा: शेंगदाणे, उखळ, तिखट, कडक भाकरी, दही. एका शब्दाशी जोडलेले चार शब्द जागे झाले की मधला शब्द सुटायची शक्यता वाढते. शेवटी 'शेंगाचटणी' त्यांच्याकडून म्हणवून घ्याच.

त्यांना जयघोष जमतो, याचा उपयोग करता येतो. १९७३ मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी सुरात बोलण्याची पद्धत मांडली. 'चहा दे', 'घरी चला' अशी छोटी वाक्यं वर-खाली दोन सुरांत म्हणायची आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हातानं मांडीवर ठेका द्यायचा. मग सूर उतरवत साध्या बोलण्यावर यायचं. नुसती भजनं म्हणून घेतली तर मन रमेल, पण पाणी मागता येणार नाही. सुरात वाक्य गरजेचंच घाला.

जीभ जड झाली म्हणून वेखंड उगाळून लावायला आणि अक्कलकरा चघळायला सांगितलं आहे. कबुतराच्या रक्ताचं मालिशही सुचवतात. करावं का? (वाचक, बार्शी)

करू नये. वाचाघातात बिघाड भाषेत असतो, जिभेत नसतो. मिठाई चाटायला, पान खायला जीभ व्यवस्थित वळत असेल तर तिला घासून काय मिळणार? याच कारणानं फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं, जीभ वर-खाली करणं यांनीही शब्द येत नाहीत. शब्द बरोबर येतात पण उच्चार बोबडे, ओढल्यासारखे होतात, तो प्रकार वेगळा. त्याचे व्यायामही वेगळे, आणि ते वाचा-भाषेच्या (स्पीच) थेरपिस्टनंच ठरवावेत.

अक्कलकऱ्यानं तोंड बधिर होतं आणि लाळ सुटते. पक्षाघातानंतर अनेकांचं गिळणं बिघडलेलं असतं. त्यात मुळीचा तुकडा किंवा लाळ श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया होतो. पाणी प्यायल्यावर खोकला येतो, आवाज घोगरा-ओला होतो, घास गालात साठून राहतो, यातलं काहीही दिसलं तर गिळण्याची तपासणी आधी करून घ्या. तोवर ताठ बसवूनच भरवा, घास लहान ठेवा, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. कबुतराला सोडून द्या.

सासूबाई नातवाला मुलाच्या नावानं हाक मारतात, ताटाला वाटी म्हणतात. शेजारी म्हणतात स्मृतिभ्रंश सुरू झाला. खरं का? आणि नावं पाठ करून घ्यायची कशी? (सून, अशोक चौक)

नाव न आठवणं आणि माणूस न आठवणं यात फरक आहे. ताटाला वाटी म्हटलं, पण जेवण ताटातच वाढून घेतलं, म्हणजे वस्तू ओळखली, शब्द शेजारचा आला. दोन-तीन गोष्टी बघा. फोटोंच्या ओळीतून 'नातू दाखवा' म्हटलं तर बरोबर बोट ठेवतात का? गल्लीतून घरी परत येतात का? सकाळी कोण येऊन गेलं ते खुणेनं तरी सांगतात का? रोजची भाजी फोडणीला टाकताना क्रम चुकत नाही ना? हे सगळं ठीक असेल तर प्रश्न शब्दांचा आहे. मात्र जेवल्याचं विसरणं, ओळखीच्या रस्त्यावर हरवणं, गॅस चालू ठेवणं असं होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. पक्षाघातानंतर स्मृतीचाही त्रास होऊ शकतो. बी-१२ ची कमतरता, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या, नैराश्य ही कारणंही तपासली जातात.

नावांसाठी अंतर वाढवत आठवण करून घेण्याची पद्धत चांगली चालते. समजा नातू ओंकार. फोटो दाखवून सांगा, 'हा ओंकार. कोण हा?' लगेच म्हणवून घ्या. मग १५ सेकंदांनी विचारा, मग ३० सेकंदांनी, मग एक मिनिट, दोन, चार, आठ मिनिटांनी. मधल्या वेळात मटार सोला, कपड्यांच्या घड्या घाला, गप्पा मारा; मनातल्या मनात नाव घोकत बसायला वेळ देऊ नका. चूक झाली तर अंदाज बांधू देऊ नका. नाव लगेच सांगा, त्यांच्या तोंडून म्हणवा आणि मागच्या जमलेल्या अंतरावर परत या. आठ मिनिटांवर अडलं तर चारवर. दुसऱ्या दिवशी सुरुवातच त्या नावानं करा. एका वेळी एक नाव, फार तर दोन. आठ नातवंडांचा ग्रुप फोटो समोर ठेवून सगळ्यांची नावं विचारणं म्हणजे छळ.

वाचाघातात ऐकलेलं क्षणभर धरून ठेवण्याची ताकदही कमी होते. 'गोळी घ्या, मग दार लावा आणि फोन चार्जिंगला लावा' यातलं फक्त शेवटचं उरतं. एका वेळी एक काम सांगा. दवाखान्याची तारीख, पेन्शनचा दिवस कालनिर्णयवर चित्रानं खुणवा आणि रोज सकाळी त्या चौकोनावर त्यांचंच बोट ठेवून दिवस वाचा.

आमच्या घरात तेलुगू, मागावर मराठी-हिंदी, नातवंडं मराठी शाळेत. थेरपी मराठीत सुरू आहे. वडील मध्येच तेलुगू बोलतात, तेव्हा आम्ही थांबवतो. बरोबर आहे का? (पूर्व भाग)

थांबवू नका. कोणती भाषा आधी परत येईल याचे दोन जुने ठोकताळे आहेत: १८८१ मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी लहानपणीची म्हटलं, १८९५ मध्ये फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी आजाराआधी जास्त वापरातली. दोन्ही सगळ्यांना लागू पडत नाहीत. काहींच्या सगळ्या भाषा बरोबरीनं सुधारतात, काहींची एकच पुढे जाते. म्हणून दिवसभर ज्या भाषेत ते राहतात, तिच्यात घरचा सराव करा. तुमच्याकडे ती तेलुगू दिसते. मराठी शब्द अडला आणि 'नीळ्ळु' आलं, तर ते यशच समजा. पाणी द्या, आणि मग सावकाश 'हो, पाणी' म्हणा. थेरपिस्टला मात्र पहिल्याच भेटीत सगळ्या भाषांची यादी द्या: कोणती कुणाशी, वाचता कोणती येते, हिशेब कोणत्या भाषेत करायचे. बोलीसुद्धा घरचीच ठेवा. ज्या माणसानं आयुष्यभर 'काय करायलास?' विचारलं, त्याला 'आपण काय करीत आहात?' असं पुस्तकी मराठी शिकवण्यात अर्थ नाही.

काका भरभर बोलतात, पण अर्थच लागत नाही. आपण चुकतोय हे त्यांना कळत नाही, उलट आमच्यावरच रागावतात. हातपाय चांगले आहेत. लोक वेड लागलं म्हणतात. (अक्कलकोट)

हातपाय चांगले असल्यानं हा प्रकार ओळखायला उशीर होतो. १८७४ साली जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी तो सांगितला. मेंदूच्या डाव्या कानशिलाकडचा मागचा भाग दुखावतो, बोलण्याचा ओघ राहतो, पण ऐकलेल्याचा अर्थ लागत नाही. स्वतःचं बोलणंही त्यांना नीट पोचत नाही, म्हणून चूक कळत नाही. बोलणं एका दिवसात अचानक असं झालं असेल आणि मेंदूचा स्कॅन अजून झाला नसेल, तर आजच करून घ्या.

इथे शब्द म्हणवून घेण्यापासून सुरुवात नको. आधी समजणं वाढवायचं. समोर या, त्यांनी तुमच्याकडे बघितल्यावरच बोला. मोठ्यानं ओरडू नका, ते बहिरे नाहीत. वाक्य चार-पाच शब्दांचं. बोलता बोलता मुख्य शब्द जाड स्केचपेननं कागदावर लिहा, 'दवाखाना', आणि फाईल हातात दाखवा. विषय बदलताना कागद बदला. टेबलावर ग्लास आणि किल्ली अशा दोनच वस्तू ठेवून 'किल्ली द्या' म्हणा, हात पुढे करा. जमलं की तीन वस्तू, मग खूण न करता. त्यांचा ओघ सुरू झाला की तळहात दाखवून हळूच थांबवा. वाद घालू नका, आणि कळलं नाही तर कळल्यासारखी मानही हलवू नका. 'कळलं नाही, दाखवा' म्हणा.

हो-नाहीची खात्री करून घ्या. आपल्याकडे मान अशी डुलवतात की होकार की नकार ते घरच्यांनाही कळत नाही. कागदावर 'हो' आणि 'नाही' मोठं लिहून बोट ठेवायला सांगा. मग उत्तर माहीत असलेले प्रश्न उलटसुलट विचारा: 'आपण पुण्यात राहतो?' 'आपण अक्कलकोटला राहतो?' दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत त्यांच्या होकारावर कुठलाही निर्णय घेऊ नका.

गावात थेरपिस्ट नाही, सोलापूरला रोज येणं परवडत नाही. सहा महिने उलटले की सुधारणा थांबते म्हणतात. (माढा तालुका)

पहिल्या तीन महिन्यांत वेग सर्वांत जास्त असतो, पण सहा महिन्यांवर दार बंद होत नाही. २०१७ मध्ये जर्मनीत सहा महिन्यांपेक्षा जुना वाचाघात असलेल्या, सत्तरीपर्यंतच्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली, तेव्हा त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. २०२२ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात एकूण २० ते ५० तास आणि आठवड्यात तीन ते पाच दिवस काम झालेल्यांना जास्त फायदा दिसला. म्हणजे महिन्यातून एकदा येऊन तासभर बसण्यात फारसं हशील नाही.

जमण्यासारखा मार्ग असा. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्यक्ष भेट, मधल्या काळात आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल, आणि रोजचा सराव घरी. पहिल्या भेटीत थेरपिस्टला घरातल्या एकाकडून सराव करवून घ्यायला सांगा आणि तो मोबाईलवर रेकॉर्ड करा. नुसता कागद घेऊन परतू नका. व्हिडिओ कॉलच्या वेळी फोन टेकवून ठेवा, हातात धरू नका. ओठ दिसायला हवेत. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, विचारायला संकोच नको. सोबत येताना स्कॅन, औषधांची यादी, चष्मा, कानाचं यंत्र असेल तर तेही आणा.

सही जमत नाही, बँक पैसे देईना. दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो का? (होटगी रस्ता)

सही जमत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. शाखेत हे लेखी मागा. डाव्या हातानं सही बसवता येते का तेही बघा. आली तर बँकेत नवा नमुना द्या. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून काढता येतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेल्या कायमस्वरूपी वाचा-भाषा दिव्यांगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते, आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त लागतं. 'कायमस्वरूपी' हा शब्द असल्यानं पहिल्या महिन्यातच धावपळ करण्यात अर्थ नाही. बोलता येत नाही म्हणजे अक्कल गेली, असं कायदाही मानत नाही. त्यामुळे मुखत्यारपत्रावर घाईघाईनं अंगठा घेऊ नका. वर सांगितलेली हो-नाहीची खात्री आधी करा.

वडिलांना एकट्यानं तळ्यावर फिरायला जाऊ द्यावं का? (नवी पेठ)

तोल सांभाळता येत असेल, रस्ता ओलांडताना उजवीकडचं दिसत असेल तर जाऊ द्या. डाव्या हाताला सहज येईल अशा खिशात प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड ठेवा: 'पक्षाघातानंतर मला बोलायला अडचण येते. मला समजतं. हळू बोला, थोडा वेळ द्या. घरचा फोन…' फोनमध्ये घरच्यांच्या नावांऐवजी फोटो लावा आणि ते पहिल्या पानावर आणा. सुरुवातीचे काही दिवस मागून कुणीतरी चालत राहा. बोलणं आधीपेक्षा एकाएकी बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा हात गळाला, तर ती दुसऱ्या झटक्याची शक्यता. कधी सुरू झालं ती वेळ कागदावर लिहा आणि लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्यात स्कॅनचा वेळही मोजला जातो.